रांगेबाहेरची गाडी

सकाळी साडेनऊ वाजता दवाखान्याच्या फाटकाच्या डाव्या हाताला नऊ ई-रिक्षा एकामागे एक उभ्या होत्या. सहा हिरव्या, दोन निळ्या आणि एक मुळात लाल असावी अशी. उजव्या हाताला, फाटकापासून साधारण तेवढ्याच अंतरावर, कंपाउंडच्या भिंतीला लागून तीन चार्जर होते. पहिल्यावर धूळ होती. दुसऱ्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. तिसऱ्याच्या पत्र्याखाली चिमणीने काड्या जमवायला सुरुवात केली होती. तिन्हींच्या वायरी नीट गुंडाळून हुकाला अडकवलेल्या होत्या, आणि एकाही वायरीच्या टोकाला गाडी नव्हती.

"काय मोजालाय मॅडम?" रांगेतल्या चौथ्या गाडीतून आवाज आला.

"गाड्या."

"नऊच हाईत. काल बी नऊच हुत्या. रातीत एखादी व्याली असंल तर ठाऊक न्हाई."

रांगेतले सगळे हसले. मीही हसले, पण आकडा लिहून घेतला. बोलणारा गजू चौगुले होता. पुढचे सगळे दिवस तो मला रोज सकाळी न चुकता विचारायचा, "आज किती भरल्या?"

ही सात वर्षांपूर्वीची, मिरजेतली गोष्ट. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत लागले होते. शहरात विजेच्या गाड्यांसाठी चार्जर कुठे बसवायचे, किती बसवायचे, कोणते चालतात, कोणते नाहीत, हे ठरवायचं काम आमच्याकडे होतं. नकाशावर ठिपके देणारे लोक वेगळे. मी ठिपक्यापाशी जाऊन उभी राहणारी.

या ठिपक्याचं भवितव्य जवळजवळ ठरलेलं होतं. समितीचा नियम साधा होता: तिन्ही चार्जर मिळून दिवसाला सरासरी बारा युनिट वीज गेली पाहिजे. त्यापेक्षा कमी गेली तर चार्जर काढून दुसरीकडे न्यायचे. 'दुसरीकडे' म्हणजे सांगली रस्त्यावर नव्यानेच उघडलेल्या एका मॉलच्या तळघरात. दवाखान्यापाशी सरासरी दोन युनिटही जात नव्हती. मी चार दिवस पाहणी करायची, शनिवारी 'मागणी नाही' असं लिहून द्यायचं, आणि सोमवारी क्रेन येणार.

पहिल्याच दिवशी दुपारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन रांगेच्या तोंडाशी आल्या. "मालगावला येणार काय?"

पुढच्या चालकाने बॅटरी दाखवणाऱ्या पट्टीवर उरलेल्या दोन रेघांकडे बघितलं आणि मान हलवली. "न्हाई जमत. गाडी परतायची न्हाई." त्याच्या मागच्यानेही नाही म्हटलं. तिसऱ्यानेही. बाई उन्हातून मोठ्या रस्त्याकडे चालत गेल्या.

मी गजूला विचारलं, "बॅटरी संपत आलीय, समोर चार्जर आहे. लावत का नाही?"

"आणि नंबर?"

"कसला नंबर?"

त्याने मला रांग दाखवली, जशी काही ती मला आत्तापर्यंत दिसलीच नव्हती. "मॅडम, गाडी हितनं काढली, तिकडं लावली, की नंबर गेला. परत आलं की सगळ्यात मागं. तासभर हितं बसून जेवढं पुढं सरकलो ते पाण्यात. चार्ज करून करायचं काय मग? गाडी भरलेली आणि खिसा रिकामा."

संध्याकाळी मी सबनीस सरांना फोन केला. ते माझे वरिष्ठ.

"काय म्हणतेय मिरज, कणसे? मागणी आहे की नाही?"

"गरज आहे सर. वापर नाही."

"अहवालात गरजेचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग?"

चार्जर रांगेपाशी का बसवले नाहीत, हे मी जुन्या आराखड्यात शोधलं. ट्रान्सफॉर्मरचा खांब उजव्या बाजूला होता, म्हणून चार्जर उजवीकडे. आराखड्यात लिहिलं होतं, 'स्टँडपासून वीस मीटर, सुलभ'. रांगच उजवीकडे न्यावी म्हटलं तर तिथे रुग्णवाहिका वळायची; चार्जरपुढच्या तीन गाड्यांपलीकडे चौथी उभी केली तर रस्ता अडणार.

चार्जर वापरणारी स्टँडवर एकच होती, शैनाज नदाफ. लालसर गाडी तिची. वय पस्तिशीचं, अंगावर चालकाचा खाकी शर्ट आणि डोक्यावरून ओढणी. सगळे तिला भाभी म्हणायचे. मंगळवारी दुपारी ती रांगेतून बाहेर पडली, टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि वायर जोडली.

"तुमचा नंबर गेला," मी म्हटलं.

"रोजच जातोय." ती मागच्या सीटवर बसून डबा उघडत म्हणाली. "बॅटरी जुनी हाय माझी. दोनपर्यंत चालती, मग म्हातारीगत बसती. ह्यांच्या गाड्या रेटून सातपर्यंत जात्यात. माझी जात न्हाई."

"घरी नाही चार्ज करता येत?"

"घर वरच्या मजल्यावर. गाडी खाली बोळात. रातीला दिराच्या दुकानात लावती, दिवसा तिथं शिवणमशिनी चालत्यात." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "हे काढणार म्हणं तुम्ही?"

"मी नाही. समिती."

"कुणी बी काढा. पाचला डायलिसिसचे तीन पेशंट सुटत्यात. बांधलेले हाईत माझ्याशी, दिवसाआड. बाकीचे रिक्षावाले त्यास्नी घेत न्हाईत, पायऱ्या चढवून घरात पोचवावं लागतंय म्हणून. हे चार्जर गेले तर पाचला माझी गाडी बंद. पाचला बंद, म्हणजे गाडी इकायची. आणि परत बेदाणा निवडायला शेडवर." तिने उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली. "सात वर्सं निवडलाय. आता बेदाणा तोंडात बी घालत न्हाई."

तासाभराने तिने वायर काढली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे सात गाड्या होत्या.

बुधवारी मी रांग नीट पाहिली. एकेक गाडी आपली पाळी येईपर्यंत सरासरी पाऊण तास नुसती उभी राहत होती. पाऊण तासात दहा-बारा किलोमीटरची वीज सहज भरली असती. गाडी उभीच असते, वीज समोर असते, आणि दोन्ही एकमेकांना भेटत नाहीत. पाळी आली की चालक फाटकापर्यंत चालत जाई. एप्रिलचा शेवट होता, मिरजेचं ऊन डोक्यावर. स्टँडची एक भलीमोठी छत्री होती, कुठल्याशा पंपाच्या जाहिरातीची, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. ती पाळीवाल्याने घ्यायची, पेशंटला सावलीत गाडीपर्यंत आणायचं, आणि निघताना मागच्याच्या हातात द्यायची. मग रांग एक गाडी पुढे सरकायची.

मला एक युक्ती सुचली आणि मी ती घेऊन अण्णांकडे गेले. सातगोंडा मगदूम हे स्टँडचे अध्यक्ष. साठीचे, कपाळावर चंदनाचा ठिपका, आवाज इतका बारीक की लोक आपोआप गप्प होऊन ऐकायचे. पेट्रोलच्या रिक्षांपासून ते इथेच होते.

"अण्णा, प्रत्येकाला नंबराचा बिल्ला देऊ. गाडी कुठंही उभी असो, पाळी बिल्ल्याप्रमाणे."

"बिल्ला." अण्णांनी शब्द चघळून बघितला. "चिठ्ठ्या हुत्या आमच्यात. तुम्ही शाळेत असाल तवा. एका सकाळी सात नंबरच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. इलाहीच्या डोक्याला पाच टाके. ह्याच दवाखान्यात. पेशंट आणायला गेलेला, पेशंट होऊन आला."

"तेव्हा चिठ्ठ्या कागदाच्या होत्या. बिल्ले पक्के करू."

"डोकं बी पक्कंच हुतं की इलाहीचं." मागे कुणीतरी खुदखुदलं. अण्णा हसले नाहीत. "तवापास्नं ठरलंय मॅडम. जेची गाडी पुढं, तेचा नंबर पुढं. आंधळ्याला बी हात लावून कळतंय. आणि दुसरी गोष्ट. पेशंट काय बघतोय? पुढची गाडी बघतोय. सरळ जाऊन बसतोय. तुमचा बिल्ला तेला दिसणार हाय काय? तो म्हणणार, पुढची गाडी सोडून मी लांबच्या गाडीत का बसू? मग झालंच पुन्हा."

शैनाजभाभी ऐकत होती.

गुरुवारी बाराच्या सुमाराला ती एका फेरीवरून परत आली. रांगेत तेव्हा चार गाड्या होत्या, शेवटची गजूची. ती रांगेकडे वळलीच नाही. गाडी सरळ भिंतीकडे नेली, वायर लावली, आणि चालत गजूपाशी आली.

"गजू, तुझ्या मागं मी."

"माझ्या मागं तर रस्ता हाय भाभी."

"रस्त्याच्या पुढं मी. ध्यानात ठेव."

गजूने हात जोडले आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं. पाच मिनिटांनी अण्णा फेरी संपवून आले आणि गजूच्या मागे गाडी लावली. मग आणखी दोघे आले. रांग सरकत राहिली. शैनाजभाभी चार्जरपाशी न बसता रांगेच्या कडेने उभी होती, गाडीशिवाय, आणि रांग सरकली की तीही एकेक पाऊल पुढे येत होती. मला आधी वाटलं ती कुणाशी तरी बोलायला थांबलीय.

गजूची पाळी आली. त्याने एका बाळंतिणीला आणि तिच्या आईला गाडीत बसवलं, आणि सवयीने छत्री मागे धरली. मागे अण्णांची गाडी होती. अण्णांनी हात पुढे केला.

"आण इकडं," शैनाजभाभी म्हणाली, आणि छत्री गजूच्या हातातून घेतली.

गजूने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. "माझी सवारी हाय," असं पुटपुटून तो निघून गेला.

"भाभी," अण्णा म्हणाले, "छत्री द्या."

"नंबर माझा हाय अण्णा. मी तुमच्या आधी आलीया. गजूला सांगून ठेवलंय."

"गाडी कुटं हाय?"

"ती काय, भिंतीला."

"रांगेत न्हाई, तर नंबर न्हाई. तुमास्नी काय आज कळतंय काय हे?"

"रांगेत मी हाय की. मघापास्नं उभी कोण हाय मग, भूत?"

मागचे दोघे खाली उतरून आले. एकजण म्हणाला, "अण्णा, आज हिला सोडलं तर उद्या मी घरी झोपून नंबर लावीन." दुसरा म्हणाला, "भाभी, कशाला वाढवताय? स्टँडवरनं काढत्यात बघा."

"काढा. तसं बी सोमवारी ते डबे नेणारच हाईत. मग मी हितं येऊन काय करू?" तिचा आवाज चढला नव्हता, पण छत्रीचा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

अण्णांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. "भांडण नको. पेशंटच ठरवू दे. त्यो ज्या गाडीत बसंल तेचा नंबर. चालतंय?"

"चालतंय," ती म्हणाली.

मला ते चालणारं वाटलं नाही. अण्णांची गाडी रांगेच्या तोंडाशी, नवी हिरवी, फाटकाकडे तोंड करून. तिची जुनी लालसर, भिंतीकडे तोंड करून, वायर लावलेली.

फाटकातून एक आजी बाहेर आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, नऊवारीचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. बरोबर चाळिशीचा मुलगा, हातात औषधांची पिशवी. शैनाजभाभी छत्री उघडून त्यांच्यापाशी गेली आणि आजींचा दंड धरला. अण्णा गाडीजवळूनच कानडीत म्हणाले, "या, इकडे या, ही पुढची गाडी." आजी कर्नाटकातल्या उगारच्या होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं.

मुलगा सरळ अण्णांच्या गाडीकडे चालू लागला. पिशवी आत ठेवली, वळून बघितलं, तर आई मागे नव्हती. ती छत्रीखाली, शैनाजभाभीच्या हाताला धरून, उजवीकडे भिंतीच्या दिशेने निघाली होती.

"अव्वा!" त्याने हाक मारली. "गाडी इकडे आहे!"

आजी थांबल्या नाहीत. अण्णा झपाझप चालत आडवे गेले आणि कानडीत विचारलं, "अज्जी, ती गाडी पुढे उभी आहे. तुम्ही लांबच्या गाडीकडे का चाललात?"

आजींनी उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे बघितलं. मग त्या काहीतरी बोलल्या आणि अण्णा वाटेतून बाजूला झाले. मला कानडी मोडकंतोडकं कळायचं, पण आजींचं बोलणं कळलं नाही. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गाडी कुणी बघितली? ऊन लागतंय. छत्री जाती तिकडं मी."

शैनाजभाभीने आजींना बसवलं. मुलगा पिशवी घेऊन पळत आला. तिने वायर काढून हुकाला गुंडाळली, चालकाच्या जागेवर बसली, आणि मग पुन्हा खाली उतरली. छत्री अजून तिच्याच हातात होती. ती चालत रांगेपाशी आली आणि छत्री मिटून अण्णांसमोर धरली.

"तुमचा नंबर, अण्णा."

अण्णांनी ती लगेच घेतली नाही. आधी मागच्या दोघांकडे बघितलं. दोघेही आपापल्या गाडीत जाऊन बसले. मग त्यांनी ती घेतली.

मी माझा तक्ता उघडून बघितला. गाड्या, वेळ, अंतर, बॅटरीच्या रेघा असे अकरा रकाने होते. तीन दिवसांत फाटकातून निघालेले पेशंट मी डोळ्यांनी बघितले होते. ते सगळे छत्रीमागूनच गेले होते. पुढची गाडी आणि छत्री नेहमी एकाच ठिकाणी जात असल्यामुळे ते कशामागून चाललेत हे वेगळं दिसायचा प्रश्नच आला नव्हता.

त्या दुपारी अण्णा सुभाषनगरची फेरी करून परत आले. रांगेत तीन गाड्या होत्या. रांगेपाशी त्यांनी वेग कमी केला, शेवटच्या गाडीतल्या चालकाला उद्देशून "तुझ्या मागं मी" म्हणाले, आणि फाटकासमोरून पुढे जाऊन भिंतीपाशी थांबले. वायर हातात घेऊन बराच वेळ ते टोक निरखत राहिले.

"गजू," त्यांनी बारीक आवाजात हाक मारली. "हे कुठल्या बाजूनं जातंय रे?"

"अण्णा, खाच वर करा. वर. आवो, चिमणीच्या घरट्यात न्हाई!"

शुक्रवारी सकाळी भिंतीपाशी दोन गाड्या होत्या. शनिवारी तिसरा चार्जर रिकामा होण्याची वाट बघत गजू उभा होता आणि आधी लावलेल्या चालकाला "भरली काय, का बाळंतपण करतोयस?" असं विचारत होता. एकदा भांडण झालं, कोण कुणाच्या मागे यावरून. अण्णांनी दोघांनाही एकेक फेरी न देता बसवून ठेवलं. त्यानंतर आलेला प्रत्येकजण "तुझ्या मागं मी" एवढ्या मोठ्याने सांगू लागला की ते फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ऐकू जाई.

मी सबनीस सरांना फोन केला. "सर, अहवाल आज नको. एक आठवडा द्या."

"कारण?"

"पाळी बदललीय. आधी गाड्यांची होती, आता माणसांची आहे."

"कणसे, हे मी समितीला कसं सांगू?"

"सांगू नका सर. आकडाच सांगा. फक्त आजपासून पुन्हा मोजू द्या."

त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. नंतर म्हणाले, "क्रेनचं भाडं आधीच भरलंय." आणि मग, "एकच आठवडा."

समितीने बैठक पुढे ढकलली. मी मिरजेतच राहिले. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद होता, त्या दिवशी काटा जेमतेम हलला. बुधवारी दुपारी दोन तास वीज गेली. शैनाजभाभी त्या दिवशी पाचच्या पेशंटांपैकी दोघांनाच नेऊ शकली. तिसऱ्याला अण्णांनी नेलं, आणि परत आल्यावर पायऱ्या किती उंच आहेत याबद्दल सगळ्या स्टँडला ऐकवलं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी मीटर वाचायला गेले तेव्हा शैनाजभाभी गाडी सोडून माझ्यामागे आली. गजू आला. अण्णा गाडीतच बसून राहिले, पण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मी तिन्ही मीटरवरचे आकडे लिहून घेतले, त्यातून आठवड्यापूर्वीचे वजा केले आणि बेरीज केली.

"किती?" ती म्हणाली.

मी पुन्हा एकदा बेरीज केली. सात दिवसांत शहाण्णव पूर्णांक सहा युनिट. दिवसाला सरासरी तेरा पूर्णांक आठ; समितीला हवी होती बारा.